पंपावर 'पर्यायी इंधन' लावायचं पत्र आलं, त्यानंतरचे अकरा महिने

ज्यांना असं पत्र आलंय किंवा येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला आलं तेव्हा कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं. कंपनीचा माणूस एक सांगायचा, इलेक्ट्रिकचा कॉन्ट्रॅक्टर दुसरंच, आणि ओळखीतले बहुतेक डीलर सरकारी कंपन्यांचे, त्यामुळे त्यांचा अनुभव मला लागू पडेना. शेवटी सगळं होऊन गेलं, पण तारखा आणि पावत्या वहीत लिहून ठेवल्या होत्या म्हणून आज नीट सांगता येतंय.

आमचा पंप मराठवाड्यात, तालुक्याच्या गावापासून सात किलोमीटरवर, राज्य महामार्गाला लागून. जमीन सासऱ्यांची, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, आणि पंपाचा रोजचा कारभार माझ्याकडे. एका खाजगी कंपनीची डीलरशिप आहे, पंप १४ मार्च २०२१ ला सुरू झाला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच अडलेलं होतं.

१७ एप्रिल २०२३ ला कंपनीचं पत्र आलं. पंप सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत किमान एका नव्या पर्यायी इंधनाची सोय करायची आहे, तरी प्रस्ताव पाठवावा, असं त्यात होतं. मी तीनदा वाचलं. तीन वर्षं म्हणजे मार्च २०२४, हातात अकरा महिनेसुद्धा पूर्ण नाहीत, आणि हे असं काही आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. पंपावर आधीच कर्ज, त्यात हे नवीन काय.

दुसऱ्या दिवशी डीलरशिपचा करारनामा काढून बसले. तर त्यात होतं, एका कलमात, 'शासनाच्या निर्देशांनुसार आवश्यक त्या सुविधा' अशा शब्दांत. सही करताना कुणी समजावून सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मग मूळ नियम शोधला. केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानं ८ नोव्हेंबर २०१९ ला पेट्रोल-डिझेल विकायची परवानगी कुणाला द्यायची याचे नियम बदलले आणि २५० कोटी नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना या धंद्यात येता येईल असं केलं. अटी अशा की पाच वर्षांत किमान १०० पंप उघडायचे, त्यातले ५ टक्के दुर्गम भागात, आणि प्रत्येक पंपावर तो सुरू झाल्यापासून तीन वर्षांत सीएनजी, एलएनजी, बायोफ्युएल, इलेक्ट्रिक चार्जिंग अशांपैकी किमान एक काहीतरी द्यायचं. म्हणजे ही जबाबदारी सरकारनं कंपनीवर टाकलेली आहे, डीलरवर थेट नाही. हे वाचल्यावर जरा धीर आला. पत्र आलं की आधी हेच दोन कागद शेजारी ठेवून वाचा, सरकारचा नियम आणि तुमचा करार. खर्च कुणी करायचा हे नियमात लिहिलेलं नाही, ते तुमच्या करारात आणि तुमच्या बोलण्यात ठरतं. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं म्हणून पुढे बोलता आलं.

मग पर्यायांचा शोध. एलएनजी लगेच बाजूला पडलं, ते उणे १६२ अंशाच्या आसपास साठवायचं, त्याच्या टाकीचा खर्च आणि मोठे ट्रक हेच गिऱ्हाईक, आमच्या रस्त्याला तेवढे ट्रकच नाहीत. बायोडिझेलचं विचारलं तर त्याला स्वतंत्र परवानगी लागते. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं अण्णांनी विचारलं, "आपण इथेनॉल तर विकतोच की पोरी," पण एरिया मॅनेजरचं म्हणणं असं की ते मिश्रण आता सगळ्यांनाच करायचंय, ते यात धरत नाहीत. राहिलं सीएनजी आणि चार्जिंग.

सीएनजीचा मोह खरंच मोठा होता कारण गिऱ्हाईक तयार आहे, रिक्षा, टॅक्सी, छोटे टेम्पो सगळे विचारत येतात. पण आमच्या तालुक्यात पाइपलाइन आलेली नव्हती. पाइपलाइन नसली की मदर स्टेशनवरून (पाइपलाइन असलेल्या मोठ्या सीएनजी स्टेशनवरून) गाडीवर बसवलेल्या सिलिंडरच्या कॅस्केडमधून गॅस आणायचा, त्याला डॉटर स्टेशन म्हणतात. मे महिन्यात मी आणि मिस्टर अशा एका पंपावर गेलो, चाळीस किलोमीटरवर, आणि मुद्दाम तीन तास बसून राहिलो. गाडीच्या टाकीत गॅस भरायचा तो २०० बारपर्यंत, पण कॅस्केड रिकामं होत आलं की प्रेशर उतरतं आणि मग गाडीत निम्माच गॅस जातो, रिक्षावाले वैतागतात, पुढची कॅस्केडची गाडी येईपर्यंत रांग रस्त्यावर. तिथल्या काकांनी मनापासून सांगितलं, "ताई, पाइपलाइन येईस्तोवर थांबा, नाहीतर रोज शिव्या खाव्या लागतील." कॉम्प्रेसरची जागा, वेगळं लायसन, आणि आमच्याकडे मदर स्टेशन सत्तर किलोमीटरवर. सोडून दिलं. तुमच्याकडे पाइपलाइन आली असेल तर मात्र सीएनजीचा विचार आधी करा असंच मी सांगेन, गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून मिळतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एरिया मॅनेजर आले आणि म्हणाले, "मॅडम, एवढं टेन्शन कशाला घेता, साधा एसी चार्जिंग बॉक्स लावून टाका, सत्तर हजारात काम होतं, पत्रात किती किलोवॅटचा ते कुठं लिहिलंय." खरंच लिहिलेलं नव्हतं. दोन दिवस मीही त्याच विचारात होते, खोटं का बोलू, सत्तर हजारात सुटका होत असेल तर कुणाला नको. पण मग हिशोब केला. ३.३ किलोवॅटच्या पॉइंटवर ४० युनिटची बॅटरी रिकामीची भरायची तर बारा तास. महामार्गावरून जाणारा माणूस बारा तास थांबणार कुठं? तो बॉक्स नुसता भिंतीवर राहणार आणि कंपनीच्या यादीत आमच्या पंपापुढे बरोबरची खूण पडणार.

त्या काळात मी बरंच वाचत होते, तेव्हा स्वीडनचं कळलं. तिथं १ एप्रिल २००६ पासून असाच कायदा केला होता, मोठ्या पंपांनी किमान एक तरी नूतनीकरणक्षम इंधन विकायलाच पाहिजे म्हणून. इंधन कुठलं ते पंपवाल्यांवर सोडलं होतं, तर बहुतेकांनी इथेनॉलचं ई-८५ लावलं कारण त्याचा पंप सगळ्यात स्वस्त पडायचा, बायोगॅसचा महाग म्हणून तो फार थोड्यांनी घेतला. म्हणजे 'कुठलंही एक' म्हटलं की माणूस सगळीकडे सारखाच वागतो, आणि मीही तेच करायला निघाले होते. आमच्या रस्त्यावर सगळ्यात जवळचा फास्ट चार्जर ५८ किलोमीटरवर होता. ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं बघितली तर महामार्गावर दर २५ किलोमीटरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक चार्जिंग स्टेशन असावं असं त्यात तेव्हा म्हटलेलं होतं. मी अण्णांना एवढंच सांगितलं की लावायचं तर उपयोगी पडेल असं लावू. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "कर्ज किती वाढेल ते आधी सांग." ते मला तेव्हा सांगता आलं नाही.

६० किलोवॅटचा, दोन गनचा (गन म्हणजे गाडीला लावायची केबल), सीसीएस-२ (फास्ट चार्जिंगच्या प्लगचा प्रकार) वाला चार्जर ठरला. एक गाडी असेल तर पूर्ण ६०, दोन लागल्या तर तीस-तीस वाटून. आता बोलणी. सरकारी तेल कंपन्यांना मार्च २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या फेम-२ योजनेतून ८०० कोटी मंजूर झाले होते ७,४३२ चार्जिंग स्टेशनांसाठी, म्हणजे त्यांच्या डीलरांना चार्जरचा खर्च बघावा लागत नाही, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, आणि जबाबदारी मुळात कंपनीची आहे तो कागदही समोर ठेवला. चार चकरा झाल्या. शेवटी असं ठरलं की चार्जर कंपनीचा, जागा आणि सिव्हिल काम माझं, विजेच्या कामाचा खर्च निम्मा-निम्मा, आणि विकलेल्या प्रत्येक युनिटमागे मला ३ रुपये. एक चूक माझ्याकडून राहिली, वीज कनेक्शन माझ्या नावावर घेतलं, त्यामुळे बिल आधी मी भरायचं आणि कंपनी नंतर देणार असं झालं, आणि ते पैसे यायला पहिले काही महिने चाळीस-पंचेचाळीस दिवस लागायचे. करारात 'बिल मिळाल्यापासून इतक्या दिवसांत' असं आकड्यात लिहून घ्या.

इथे एक गैरसमज दूर करते. चार्जिंग स्टेशन टाकायला विजेचं वेगळं लायसन लागत नाही, ते केंद्रानं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, चार्जिंग ही सेवा आहे, वीज विकणं नाही. पण आपला पंप पेट्रोलच्या लायसनवर चालतो, ते लायसन पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, ज्याचं मुख्यालय नागपूरला आहे. त्या लायसनच्या जागेत काहीही नवीन उभं करायचं तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, कारण डिस्पेन्सिंग युनिट (पेट्रोल भरायचं मशीन), टाकीचा फिल पॉइंट (टँकरमधून माल उतरवायची जागा) आणि व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा) यांच्या भोवतीच्या धोकादायक क्षेत्रात साधी विजेची वस्तू चालत नाही. आमचा चार्जर म्हणून ऑफिसच्या मागच्या बाजूला, कॅनॉपीपासून लांब, जिथं अण्णांची आंब्याची दोन झाडं होती तिथं बसला. एक झाड काढावं लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नकाशा बनवायला ड्राफ्ट्समननं १८ हजार घेतले. २६ जूनला ऑनलाइन अर्ज केला, जुलैच्या शेवटी शंका काढून परत आला. आमच्याच नकाशात केबल कुठून जाणार ते दाखवलेलं नव्हतं आणि व्हेंट पाइपची जागा जुन्या मंजूर नकाशाशी जुळत नव्हती. चूक आमच्या बाजूची, पण महिना गेला. तुमचा ड्राफ्ट्समन कितीही अनुभवी असू द्या, पंपाचा आधीचा मंजूर नकाशा काढून स्वतः दोन्ही समोर ठेवून एकेक गोष्ट बोटानं तपासा, आणि केबलची खंदक लाल रेषेनं दाखवायला सांगा. ५ सप्टेंबरला मंजुरी आली. त्या दिवशी मी पंपावरच्या पोरांना चहा दिला, कारण पहिल्यांदाच वाटलं की हे होऊ शकतं.

विजेचं काम समांतर चालू होतं आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त जीव त्यातच गेला. नवीन कनेक्शनचा अर्ज १२ जुलैला भरला. जागेचा सर्व्हे ८ ऑगस्टला. सर्व्हेला आलेल्या वायरमननी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. "वहिनी, तुमच्या समोरून जाते ती शेतीपंपाची लाइन आहे, तिच्यावर थ्री-फेज आठ-दहा तासच असतं, त्याच्यावर चार्जर घ्याल तर निम्मा दिवस बंद. गावठाणच्या फीडरवरून, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाइनवरून मागा." पंपाला आजवर जनरेटर असल्यामुळे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ६० किलोवॅट जनरेटरवर चालवणं म्हणजे डिझेल जाळून इलेक्ट्रिक गाडी भरणं, त्याला काय अर्थ आहे. गावातल्या कुणालाही हे करायचं असेल तर सगळ्यात आधी, नकाशाच्याही आधी, तुमच्या दारातली लाइन कुठल्या फीडरची आहे ते विचारा.

गावठाण फीडर आमच्यापासून ४१० मीटरवर. नऊ पोल, ११ केव्हीची लाइन, स्वतःची शंभर केव्हीएची डीपी (ट्रान्सफॉर्मर). एस्टिमेट ७ लाख ८६ हजार, मंजूर झालं १९ सप्टेंबरला. काम आपण लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घ्यायचं आणि वीज कंपनीनं देखरेख करायची असा प्रकार असतो, त्यात वेळ वाचतो. अर्ज करताना ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन आणि वेगळा मीटर मागायला विसरू नका, कारण चार्जिंगचा दर स्वतंत्र आहे, पंपाच्या कमर्शियल मीटरवर जोडलंत तर तो दर मिळणार नाही.

नऊपैकी पाच पोल शेजारच्या काकांच्या बांधावरून जाणार होते. मी आणि अण्णा गेलो. काका म्हणाले, "सूनबाई, सोयाबीन उभं आहे, आत्ता ट्रॅक्टर घालाल तर माझं पीक तुडवाल, आणि तारा डोक्यावरून गेल्यावर मला काय मिळणार?" त्यांचं बरोबरच होतं. आम्ही घाई केली नाही. ऑक्टोबरात रास झाली, मग परत गेलो, पोल बरोबर बांधाच्या कडेला घ्यायचे, वरंबा मोडला तर भरून द्यायचा, आणि त्यांच्या विहिरीच्या रस्त्यावर मुरूम टाकून द्यायचा असं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. त्या अडीच महिन्यांत मला फार भीती वाटायची, मार्चची तारीख डोळ्यासमोर दिसायची. पण जबरदस्ती केली असती तर आयुष्यभराचा शेजार गेला असता, आणि लाइनला कधी काही झालं तर त्याच शेतात जावं लागणार आहे.

पोल नोव्हेंबरात, डीपी डिसेंबरात, विद्युत निरीक्षकांची तपासणी जानेवारीत. तपासणीच्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचं लायसन, ट्रान्सफॉर्मरचा टेस्ट रिपोर्ट, अर्थिंगचे आकडे, सिंगल लाइन डायग्राम एवढं फाइलमध्ये क्रमानं लावून ठेवा, शोधाशोध केली की तारीख पुढे जाते. २३ जानेवारीला लाइनमध्ये वीज सोडली.

३ फेब्रुवारीला ट्रकमधून चार्जर आला. तोवर सिमेंटचा ओटा, पेव्हर ब्लॉक, गाडीनं धडक मारू नये म्हणून लोखंडी खांब, वर पत्र्याचं शेड हे सगळं तयार होतं. बिल बघताना एक लक्षात ठेवा, चार्जरवर जीएसटी ५ टक्के आहे, १ ऑगस्ट २०१९ पासून १८ चा ५ केलाय, एका सप्लायरनं दिलेल्या कोटेशनमध्ये सगळ्यालाच १८ लावलेले मी पकडले.

आणि मग चालू केला तर चालेचना. स्क्रीनवर अर्थ फॉल्ट. इंजिनिअर आला, मोजलं, न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज पाचच्या आत हवा म्हणाला, आमच्याकडे चौदा-पंधरा येत होता. आमची जमीन काळी, पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंग छान, पण उन्हाळा लागला की भेगा पडतात, माती सळईपासून सुटते आणि अर्थिंग जातं. साध्या दोन खड्ड्यांऐवजी चार केमिकल अर्थिंग केले, खोल, आणि पाणी घालायला वरून पाइप ठेवला. ३८ हजार आणखी. २६ फेब्रुवारी २०२४ ला दुपारी सव्वातीनला पहिली गाडी लागली, कंपनीच्याच इंजिनिअरची. अण्णा खुर्ची टाकून समोर बसले होते, आकडा वाढताना बघत. मला रडू आलं. मुदतीला सोळा दिवस बाकी होते. ४ मार्चला कंपनीचा माणूस आला, तारखेसकट फोटो काढला, आणि यादीत आमचा पंप 'पूर्तता' मध्ये गेला.

खर्च एकदा सांगून टाकते. नकाशा १८ हजार, विजेचं काम ७ लाख ८६ हजार, डिपॉझिट ६४ हजार, सिव्हिल आणि शेड १ लाख ४२ हजार, नंतरचं अर्थिंग ३८ हजार, कॅमेरा आणि लाइट २७ हजार. एकूण १० लाख ७५ हजार. त्यातले ३ लाख ९३ हजार कंपनीनं दिले, म्हणजे माझ्या खिशातून ६ लाख ८२ हजार.

मार्चमध्ये आख्ख्या महिन्यात ६१ युनिट विकले गेले. रोज संध्याकाळी शून्य बघून पोटात गोळा यायचा. एप्रिलमध्ये एका गिऱ्हाइकानं सांगितलं की अ‍ॅपमध्ये आमची जागा तीन किलोमीटर आत, एका शेतात दाखवतेय. ते दुरुस्त करायला अकरा दिवस लागले. सुरू झाल्या झाल्या स्वतःच्या मोबाइलवर अ‍ॅप टाका आणि त्यातल्या नकाशानं स्वतःच्या पंपावर येऊन बघा.

पण मला जे सांगायचंय ते मे महिन्यातलं आहे. १८ मे २०२४, शनिवार. रात्री साडेनऊला मला रात्रपाळीच्या मुलाचा फोन आला, "ताई, पुण्याची गाडी आलीय, तुळजापूरला चाललेत, चार्जर बंद आहे, बाई फार चिडल्यात." मी गेले. गाडीत आजी, दोन लहान मुलं, बॅटरी ९ टक्के. चार्जर कधीपासून बंद आहे विचारलं तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गुरुवारी दुपारी उन्हात ट्रिप झाला होता आणि कुणी मला सांगितलंच नव्हतं, कारण कुणाला सांगायला सांगितलेलंच नव्हतं. पेट्रोलचं नोजल अर्धा तास बंद पडलं तर मला लगेच फोन येतो. हा तीन दिवस बंद होता आणि अ‍ॅपमध्ये मात्र चालू दिसत होता. त्या ताई मला म्हणाल्या, "तुमचा चार्जर नसता तर आम्ही अलीकडेच थांबून भरून आलो असतो, तो आहे म्हणून इथपर्यंत आलो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या डिकीत घरचा छोटा चार्जर होता, ऑफिसच्या मागच्या भिंतीवर पंधरा अँपिअरचा प्लग होता तिथं तो लावला. तासाला वीस-बावीस किलोमीटर एवढाच वेग. आजींना ऑफिसातल्या दिवाणावर झोपवलं, मुलांना घरी आणलं, भाकरी-पिठलं केलं. रात्री अडीचला पुरेसं झालं तेव्हा ते निघाले. पैसे घेतले नाहीत. पोरांना रागावले नाही, चूक त्यांची नव्हती.

दुसऱ्या दिवशीपासून एक बदल केला. आमच्याकडे रोज सकाळी टाकीत डिप रॉड (माल मोजायची सळई) टाकतात, त्याला खाली वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलणारी) लावून, कारण पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर खाली बसतं आणि सगळा माल खराब होतो. त्या डिपच्या रजिस्टरला एक रकाना वाढवला, चार्जर. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, शिफ्ट बदलताना स्क्रीन बघायची, गन हुकवर आहे का बघायचं, आणि नाव लिहून सही. बंद असेल तर मला फोन, कंपनीच्या कॉल सेंटरला तक्रार, तक्रार नंबर रजिस्टरमध्ये, आणि रस्त्याकडेच्या बोर्डावर 'आज चार्जर बंद' अशी पाटी उलटवायची. मॅनेजरांना वाटलं पाटीमुळे नाव खराब होईल. मी ठेवलीच. आतल्या सिमकार्डचं नेटवर्क गेलं की अ‍ॅपला बंद कळत नाही हेही तेव्हा समजलं, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून घेतलं. दोन पोरांना गन लावायला, अ‍ॅप नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला फोनवरून सुरू करून द्यायला, आणि इमर्जन्सीचं लाल बटण चुकून दाबलं गेलं असेल तर परत फिरवून सोडायला शिकवलं. त्या लाल बटणामुळे नंतर दोनदा 'बिघाड' झाला होता, नुसतं फिरवलं आणि चालू.

एक गिऱ्हाइकांशी बोलण्याबद्दल. ८० टक्क्यांच्या पुढे गाडीच चार्जिंगचा वेग कमी करते, बॅटरी जपायला. रांग असेल तर लोक शंभर होईपर्यंत बसून राहतात आणि मागचा चिडतो. आम्ही शांतपणे सांगतो की दादा, पुढचे वीस टक्के भरायला आत्तापर्यंत लागला तेवढाच वेळ लागेल, तोवर यांना देऊया का. बहुतेक जण ऐकतात.

डिसेंबर २०२४ मध्ये १,९०० युनिट गेले. ३ रुपयांनी ५,७०० होतात. घातलेले पैसे यातून लवकर निघणार नाहीत, हे मी अण्णांनाही सांगितलंय आणि तुम्हालाही सांगते. थांबलेले लोक चहा घेतात, हवा भरतात, टपरीवाल्या भावाचा धंदा वाढलाय, पण तो माझा हिशोब नाही. कुणी मला विचारलं की सत्तर हजारवाला बॉक्स लावू का, तर मी त्यांना त्यांच्या रस्त्यावरचा पुढचा फास्ट चार्जर किती लांब आहे ते आधी विचारते. दहा किलोमीटरवर असेल तर वेगळा विचार करा, पन्नासवर असेल तर बॉक्सवर येणाऱ्या माणसाला तुम्ही रात्री कुठं झोपवणार ते ठरवून ठेवा.

मागच्या भिंतीवरचा पंधरा अँपिअरचा प्लग आम्ही तसाच ठेवलाय, त्याच्यावर लाइट लावलाय. अर्थिंगच्या चारही खड्ड्यांत मार्चपासून दर रविवारी दोन-दोन बादल्या पाणी जातं, ते काम अण्णांनी स्वतःकडे घेतलंय, आणि पाणी घालून झालं की तेही रजिस्टरला सही करतात.